वजन १०३ किलो आणि आठ वर्षांचा मधुमेह : वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करावी का?

कृष्णाकाठ :

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी ४४ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन १०३ किलो आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ४२ च्या आसपास येतो. मधुमेहाला आठ वर्षे झाली. तीन प्रकारच्या गोळ्या आणि गेल्या वर्षापासून रात्रीचे इन्सुलिन घेऊनही मागच्या महिन्यात एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ आले. रक्तदाबाची गोळी वेगळी आहे. उजवा गुडघा जिना उतरताना इतका दुखतो की वरच्या मजल्यावरचा तास संपला, की मी कठड्याला धरून खाली येते आणि संध्याकाळी दुखण्याची गोळी घेते. रात्री मी घोरते आणि मधूनच श्वास थांबल्यासारखा वाटतो, असे मुलगी सांगते. आडवे झाले की घशाशी आंबट पाणी येते, त्यामुळे आम्लपित्ताची गोळीही रोजचीच आहे.

वजन कमी करण्याचे प्रयत्न मी केले नाहीत असे नाही. २०११ साली नऊ महिन्यांत १७ किलो उतरवले होते. पुढच्या दोन वर्षांत २१ किलो परत आले. त्यानंतर निरनिराळ्या आहारपद्धतींचे चार प्रयत्न झाले आणि प्रत्येकाचा शेवट तसाच झाला. पुण्यातील एका शल्यचिकित्सकांनी पंधरा मिनिटांत कागद पाहून ‘स्लीव्ह करून घ्या’, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करा, असे सांगितले. यजमानांची संमती आहे. सासूबाई मात्र ‘धडधाकट पोट कशाला कापून घ्यायचं?’ असे विचारतात आणि खरे सांगायचे, तर या प्रश्नाला द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे मनोनिग्रहात आपण कमी पडलो असे चारचौघांत मान्य करणे, ही भावनाही मनातून जात नाही.

ज्यांनी हा निर्णय घेतला, किंवा विचारपूर्वक घेतला नाही, त्यांनी पुढची वर्षे कशी गेली ते सांगावे. मधुमेह खरोखर जातो का? हल्ली ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे, ती आधी घेऊन पाहावीत का? आणि माझ्यासारखीने डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

---

पारिजात :

ताई, माझी जठराची बायपास शस्त्रक्रिया २०१९ साली नाशिकला झाली. तेव्हा माझे वजन ११२ किलो होते, दीड वर्षात ते ७४ वर आले आणि आता ७९ वर स्थिरावले आहे. तुमचा प्रश्न वाचताना पहिल्यांदा नजरेत भरली ती तुमची आम्लपित्ताची गोळी, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी मागे ठेवतात. या नळीत दाब वाढतो, त्यामुळे ज्यांना आधीच घशाशी येते त्यांचा त्रास वाढू शकतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आम्ल तयार करणारा मोठा भाग आतच राहतो, पण अन्नाच्या वाटेतून बाजूला होतो. स्वित्झर्लंडमधील पाच वर्षांच्या एका तुलनात्मक अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, आम्लपित्त वाढलेल्यांचे प्रमाण स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के आणि बायपासनंतर सुमारे ६ टक्के होते. माझ्या डॉक्टरांनी आधी तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका तपासली आणि मगच बायपास सुचवली. तुमची अशी तपासणी (एंडोस्कोपी) न करता कोणी ‘स्लीव्ह करा’ म्हणत असेल, तर दुसरे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बायपासची दुसरी बाजूही तुमच्या बाबतीत महत्त्वाची आहे. त्यानंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेता येत नाहीत, कारण नव्या जोडाजवळ व्रण होण्याचा धोका असतो. गुडघ्यासाठी तुम्ही कोणती गोळी घेता, हे सर्जनला नावानिशी सांगा.

मधुमेहाबद्दल. मी रोज ३८ युनिट इन्सुलिन घेत होते. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा ते बंद झालेले होते, आणि वजन तर अजून तीन किलोही उतरलेले नव्हते. अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्यामुळे आतड्यातून स्रवणारी संप्रेरके बदलतात, शिवाय खाणेही एकदम कमी झालेले असते. या दोन्हींचा तो परिणाम. साडेतीन वर्षे मी एकही गोळी घेतली नाही. त्यानंतर साखर हळूहळू चढली आणि आता सकाळी एक गोळी आहे. मी याला अपयश मानत नाही, पण ‘मधुमेह मुळापासून जातो’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. अमेरिकेतील स्टॅम्पीड नावाच्या प्रयोगात पाच वर्षांनंतर एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितके आधीपासून, तितकी तो पूर्ण मागे हटण्याची शक्यता कमी. तुमची आठ वर्षे फार नाहीत, पण थोडीही नाहीत.

त्रासाचेही सांगते. चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळले आणि वर्षाच्या आत पुन्हा आले. पहिल्या संक्रांतीला तिळाच्या दोन वड्या खाल्ल्या आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि चक्कर असे सगळे एकदम झाले. याला डम्पिंग म्हणतात आणि बायपास झालेल्यांना गोडाने ते सहज होते. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, तिला व्यायामाने फारसा उपाय नाही. लोहाची पातळी दोनदा इतकी उतरली की शिरेतून लोह द्यावे लागले. दर वर्षी रक्ताच्या तपासण्या आणि रोज कॅल्शियम, जीवनसत्त्वे हे आयुष्यभराचे आहे.

आणि तरीही, मागच्या वर्षी मी सप्तशृंगीच्या पायऱ्या चालत चढले. शस्त्रक्रियेआधीच्या वर्षी मी खाली गाडीत बसून राहिले होते आणि घरच्यांनी प्रसाद आणून दिला होता.

---

सातपुडा :

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांमध्ये बहुधा यशस्वी झालेलेच लिहितात.

२०१६ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, माझी स्लीव्ह झाली. वजन १२८ किलोवरून चौदा महिन्यांत ८४ झाले. आज ते १०४ आहे. काय घडले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या वर्षी भूक जवळजवळ लागतच नव्हती, कारण भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते तोच काढलेला असतो. त्या वर्षात मला वाटले की माझा स्वभावच बदलला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस भूक परत आली आणि तोवर मी खाण्याची एकही नवी सवय लावून घेतलेली नव्हती. पोळी-भाजी नीट चावून खायला वेळ लागतो, जास्त झाली तर छातीत अडकते. चहात बुडवलेले बिस्कीट, शेव, आइस्क्रीम मात्र अलगद खाली उतरते. लहान झालेले जठर अशा खाण्याला अडवत नाही. बदली होऊन मी जळगावला आलो, तपासणीसाठी मुंबईला जाणे लांबणीवर पडत गेले आणि रुग्णालयाकडूनही कोणी विचारणा केली नाही. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व अतिशय कमी निघाले. गोळ्या मीच थांबवल्या होत्या.

शस्त्रक्रिया केल्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण तेव्हा माझ्या यकृताची स्थिती गंभीर होती आणि ते सुधारले. पश्चात्ताप एका गोष्टीचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मी ‘किती दिवसांत घरी जाईन’ आणि ‘किती किलो कमी होईल’ एवढेच विचारले. पाच वर्षांनी तुमच्या रुग्णांपैकी किती जण अजून तपासणीला येतात, वजन पुन्हा वाढले तर तुम्ही काय करता, आहारतज्ज्ञ पहिल्या महिन्यानंतरही भेटतात का, हे विचारायला हवे होते. ज्या ठिकाणी या प्रश्नांना सरळ उत्तर मिळणार नाही तिथे, ताई, शस्त्रक्रिया करून घेऊ नका. सांगलीहून पुणे किती वेळा आणि किती वर्षे गाठता येईल, हेही आताच ठरवा.

---

आहारसोबत :

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली अकरा वर्षे मुंबईत अशा शस्त्रक्रियांपूर्वी व नंतर रुग्णांबरोबर काम करते. वैयक्तिक वैद्यकीय सल्ला इथे देता येणार नाही, पण निर्णयाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते.

आधी मनोनिग्रहाबद्दल, कारण तुमच्या पत्रातील ते वाक्य मला सर्वांत जास्त बोचले. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आवरते. १७ किलो उतरवल्यानंतर तुमचे शरीर दोन वर्षे अहोरात्र ते परत मिळवण्याच्या प्रयत्नात होते आणि तुम्ही त्याच वेळी शाळा, घर आणि दोन पिढ्या सांभाळत होतात. रक्तदाबाची गोळी घेताना आपण हरलो असे तुम्हाला वाटत नाही. इथेही वाटण्याचे कारण नाही. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. जे पोट त्यांना धडधाकट दिसते, त्याच्या आजूबाजूचे स्वादुपिंड, यकृत, गुडघे आणि रात्रीचा श्वास धडधाकट राहिलेले नाहीत. त्यांना एकदा डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या. ज्या घरातील ज्येष्ठांना आधी समजावले गेले, त्या घरांत नंतर ‘अगं, एवढंसंच काय खातेस’ म्हणून ताटात वाढण्याचा आग्रह होत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

आता पात्रतेबद्दल. जुने निकष बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ असे होते. २०२२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी ते खाली आणले आणि आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो म्हणून त्यांच्यासाठी आणखी खालची मर्यादा सुचवली. कोणताही निकष लावला तरी तुम्ही त्यात बसता. म्हणजे तुमच्यासाठी खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतरचे जेवण, तपासण्या आणि सवयी तुमच्या घरात व नोकरीत कशा बसतील हा आहे, आणि त्याची तालीम शस्त्रक्रियेपूर्वीच करता येते.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना सहा आठवड्यांचा एक अभ्यास देते. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जातात का, हे लिहून काढायचे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, वाटीभर शिजवलेल्या वरणात ६-७ ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या महिन्यांत एका वेळी चार-पाच घासच जातात, त्यामुळे पहिला घास प्रथिनांचा आणि भात-भाकरी शेवटी, हा क्रम ठरून जातो. शाकाहारी व्यक्तीला बहुधा प्रथिनांची पावडर घ्यावीच लागते. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचे आणि दिवसभर घोटाघोटाने दीड-दोन लिटर पूर्ण करायचे. शिक्षिकांना हे अवघड जाते, कारण सलग तासांमध्ये त्या पाणीच पीत नाहीत. उद्यापासून टेबलावर बाटली ठेवून पाहा. उपवासांचाही विचार करा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर चतुर्थी आणि एकादशी खिचडीवर काढता येणार नाही. माझ्या अनेक रुग्ण उपवास दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्यावर करतात. काहींनी तो सोडून त्याऐवजी स्तोत्रपठणाचा नेम धरला.

आणखी दोन इशारे देते. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांसाठी अनेकदा औषध दिले जाते. ते दिले नाही तर विचारा. आणि नंतर कधीही सतत उलट्या होऊ लागल्या, तर ‘पोट लहान झाले म्हणून होत असेल’ असे म्हणून घरी थांबू नका. थायमिनची (जीवनसत्त्व बी-१ ची) कमतरता काही आठवड्यांतच मेंदूला आणि नसांना कायमची इजा करू शकते.

धोक्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण मनात असणारच. अनुभवी केंद्रांत पहिल्या महिन्यातील मृत्यूचे प्रमाण हजारात साधारण एक ते तीन इतके असते, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे मुख्य धोके आहेत. तुमचा श्वास झोपेत थांबत असेल तर भूल देण्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. झोपेची तपासणी आधी करून घ्या आणि झोपेत श्वास चालू ठेवणारे यंत्र लागले तर शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची सवय करा.

---

नागपूरकर_३८ :

मी शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय घेतला, म्हणून इंजेक्शनांविषयी लिहिते. माझा बीएमआय ३६ होता आणि मधुमेह नव्हता. टिर्झेपॅटाइड हे इंजेक्शन भारतात मार्च २०२५ मध्ये आले, त्यानंतर दोन महिन्यांनी मी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू केले आणि पहिल्या नऊ महिन्यांत १५ किलो उतरले. पहिले सहा आठवडे मळमळ आणि बद्धकोष्ठ यांनी बेजार केले. सुरुवातीच्या मात्रांना महिन्याला १४ हजार ते साडेसतरा हजार रुपये लागत होते आणि हा खर्च विम्यातून मिळाला नाही.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मधुमेह असलेल्यांचे वजन या औषधाने तुलनेने कमी घटते. मोठ्या प्रयोगात मधुमेह नसलेल्यांचे सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के, तर मधुमेह असलेल्यांचे १५ टक्क्यांच्या आसपास घटले होते. दुसरे असे, की औषध थांबवले की वजन परतते; सेमाग्लुटाइड या अशाच औषधाच्या अभ्यासात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला. माझ्या बीएमआयला हे पुरेसे वाटले. बीएमआय ४२ असता आणि जोडीला इन्सुलिन असते, तर मी कदाचित वेगळा विचार केला असता. काही डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी वजन थोडे उतरवण्यासाठी किंवा नंतर परत वाढू लागल्यास ही औषधे वापरतात, त्यामुळे दोन्हींपैकी एकच निवडायचे असे नाही.

---

गोदातीर :

माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी विम्याची कागदपत्रे मी पाहिली होती, तेवढ्यापुरते लिहितो. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या शब्दरचनेनुसार वजन घटवण्याची शस्त्रक्रिया एरवी वगळलेली असते. मात्र डॉक्टरांचा सल्ला असेल, वय १८ किंवा अधिक असेल आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर ती ग्राह्य धरतात. बीएमआय ३५ असल्यास त्यासोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणे) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी असावी लागते, आणि आधीचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावे लागतात. त्यामुळे २०११ पासूनच्या प्रयत्नांचे जे कागद असतील, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जुन्या वजनाच्या नोंदी, ते आजच शोधून ठेवा. वजन-उंचीची नोंद डॉक्टरांच्या सहीची घ्या. शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे यकृत आकसण्यासाठी जो कमी उष्मांकांचा आहार देतात, त्यात तुमचे वजन चार-पाच किलोंनी सहज उतरेल आणि बीएमआय ४० च्या काठावर येईल. पूर्वमंजुरीचा अर्ज त्याआधी गेलेला बरा. सैल कातडी काढण्याचा खर्च मात्र आम्हाला मिळाला नाही.

---

कृष्णाकाठ :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन दिवस मी उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली. काल संध्याकाळी यजमानांना आणि सासूबाईंना शेजारी बसवून ‘आहारसोबत’ यांचा परिच्छेद मोठ्याने वाचला. सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘तुझा श्वास थांबतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ ते खरेच आहे. आम्ही त्यांना काळजी नको म्हणून सांगितले नव्हते.

निर्णय अजून झालेला नाही, पण स्लीव्हला होकार देण्याचे मी थांबवले आहे. गुडघ्यासाठी मी डायक्लोफेनॅकच घेते, हे पारिजातताईंमुळे तपासून पाहिले. आधी मिरजेत एंडोस्कोपी आणि झोपेची तपासणी करून घेणार आहे, मग ते अहवाल घेऊन दुसऱ्या शल्यचिकित्सकांकडे जाईन आणि सातपुडा यांचे तिन्ही प्रश्न त्यांच्यासमोर तसेच्या तसे ठेवीन. २०११ ची वजनाची वही कपाटात सापडली. त्यात दर सोमवारचा आकडा माझ्याच अक्षरात आहे.

प्रथिनांची नोंद कालपासून सुरू केली. पहिल्या दिवशी बेरीज ३४ ग्रॅम आली. एंडोस्कोपी येत्या मंगळवारी सकाळी साडेआठला असून पहिल्या तीन तासांची रजा टाकली आहे. सासूबाई सोबत येणार आहेत.